मऊ लेन्स
मारून झालं की फोटोग्राफर बायकोला उजेडात बसवायचा. “हलू नकोस,” म्हणत जुन्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून फोटो काढायचा. उघड्या लेन्समधून सगळंच लोण्यासारखं मऊ यायचं. सूज, वळ, फुटलेला ओठसुद्धा. “किती गोड आलीस,” म्हणत तोच फोटो तिच्या माहेरी पाठवायचा. आज त्यानं ट्रायपॉडनं तिचा दात पाडला आणि रक्ताळलेले हात धुवायला गेला. तिनं कॅमेरा उचलला. त्याचे रोल तीच धुवायची. छिद्र बारीक केलं की हीच लेन्स वळन्वळ दाखवते, हे तिला ठाऊक होतं. तिनं लेन्सची कडी फिरवून छिद्र बारीक केलं, आरशासमोर उभं राहून फोकससाठी कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या आपल्या दोन प्रतिमा सरकवत एकावर एक जुळवल्या. या खिडकीत फोटोच्या चौकटीबाहेरचंही दिसतं. मागून ट्रायपॉड उगारून नवरा येत होता. तो पुरता चौकटीत येईपर्यंत ती थांबली. “हलू नका,” म्हणत तिनं बटण दाबलं.