काहिलीतली नाव

गुळाची काहील काठोकाठ पाण्यानं भरली होती. लिंबाजी सुतार हातभर लांबीची लाकडी नाव मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसला होता, आणि ती नाव काही केल्या त्याच्यानं पाण्यात सोडवत नव्हती.

"अखिती व्हऊन गेली, मिस्तरी," नावाडी रायभान म्हणाला. "मिरगाला नदी येणार. का तिला सांगून येऊ, सुताराचं व्हईपर्यंत थांब म्हणून?"

अंगणात जमलेली माणसं हसली. लिंबाजी हसला नाही.

"डाव्या अंगाला जड वाटायलंय," तो म्हणाला.

"पैल्या नावंचं उजवं अंग जड होतं. दुसरीचं तोंड वाकडं होतं. आता तिसरीला तरी नांदू द्या."

कुणीतरी खाकरलं. रायभाननं जीभ चावली आणि मान खाली घातली.

लिंबाखाली सागाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. लहान नाव सगळ्यांच्या गोट्यांनिशी तरल्याशिवाय मोठ्या नावेच्या फळीला तासायचा वाकस लावायचा नाही, ही या सुतारांच्या घरची रीत. जुन्या नावेचंच माप धरून, तिच्या हाताला हिचं बोट असं करत ही लहान नाव केलेली. ज्याला मोठ्या नावेत बसायचं त्यानं नदीतला एक गोटा आणून हिच्यात ठेवायचा. पहिला गोटा सुताराच्या घरच्या बाईचा. मोठी नाव पाण्यात उतरली की पहिलं बसणंही तिचंच. स्वतःचं माणूस आधी बसणार म्हटल्यावर सुतार फळीत खोट ठेवत नाही.

जुनी नाव लिंबाजीच्या बापानं केली होती. तेव्हा पहिला गोटा घरात नवीनच आलेल्या सुनेनं, लिंबाजीच्या बायकोनं, भागुबाईनं ठेवला होता. एक आपला, आणि एक पोटातल्या लेकीचा, कडूचा. ती नाव वीस-बावीस वर्षं चालली. गेल्या भादव्यात पुरात वाहत आलेलं खोड तिच्यावर आदळलं. नावेत खोट नव्हती, असं सगळं गाव म्हणत होतं. लिंबाजीही म्हणत होता. नावेत बसलेली भागुबाई तिसऱ्या दिवशी कोसभर खाली सापडली.

आता त्याच्या घरची बाई म्हणजे लेक कडूबाईच. लग्न होऊन नदीपल्याड दिलेली. सकाळी गुडघाभर पाण्यातून चालत आली होती आणि पदराच्या गाठीत गोटा बांधून बापासमोर बसली होती.

"आबा, सोडा आता."

"तू कशाला आलीस एवढ्या उन्हाचं? रायभानची बायको ठेवल की पैला गोटा."

"ती काय सुताराची हाय?" शेजारची म्हातारी कस्तुराबाई म्हणाली. "लिंबाजी, असं नको करूस बाबा. रीत मोडून केलेल्या नावंत कोण पाय ठेवल?"

लिंबाजीला ते कळत होतं. त्यानं नाव दोन्ही हातांनी पाण्यावर टेकवली आणि सोडली. नाव सरळ उभी राहिली. रिकामी नाव तरतेच, त्याचं काय.

कडूबाईनं गाठ सोडली आणि काळा गोटा नावेच्या मधोमध ठेवला. नाव जरा दबली, पण डोलली नाही. मागची माणसं आपापले गोटे घेऊन पुढं सरकली.

"थांबा," कडूबाई म्हणाली.

तिच्या गाठीत आणखी एक गोटा होता. बोराएवढा. तो तिनं पहिल्याच्या अंगाला लावून ठेवला.

 कस्तुराबाई पुढं आली. कडूच्या तोंडावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"अगं बया! ही काय सांगायची रीत झाली?"

"कुणाला सांगू?" कडू म्हणाली.

लिंबाजीनं मनात महिने मोजले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात आणायची म्हणजे भादवा. भरलेली नदी.

"आता हितंच ऱ्हा," तो म्हणाला. "जाऊच नको माघारी."

"सासू सोडल का आत्तापासून? सातव्यात येते की. नाव असली तर येते."

 लिंबाजीचा उजवा हात पाण्यात होता. कधी घातला ते त्यालाही कळलं नव्हतं. नावेच्या तळाखाली त्यानं पंजा पसरून धरला होता, पडणारी वस्तू झेलायला धरतात तसा.

"मिस्तरी, हात काढा," रायभान म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "हातावर तरली ती तरली न्हाई."

"माझा हात लागला न्हाई तिला."

"तरीबी काढा."

हात थरथरत होता. त्यानंच पाणी हलत होतं, आणि पाण्यावर नाव. लहान गोटा मोठ्याला सोडून काठाकडं घरंगळला. नावेची एक कड पाण्याला आली. कडूबाई बघत होती. तिनं हात पुढं केला नाही.

लिंबाजीनं हात बाहेर काढला आणि डोळे मिटून घेतले. कोपरावरून पाणी ठिबकत राहिलं.

"नाव दिसायलीय का?" त्यानं विचारलं.

"तुमीच बघा, आबा," कडूबाई म्हणाली.