नजर जुळत नाही

"कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आजी. या पट्टीकडे बघ. पट्टी म्हणजे बाबा."

"पट्टीच बरी," फौजदारीण म्हणाली. "निदान गप्प तरी बसते."

नातीनं कॅमेऱ्याच्या स्टँडला, भिंतीच्या बाजूला, लाल चिकटपट्टी लावली होती. समोर एकच खुर्ची. तिच्यावर फौजदारीण ताठ बसली होती. गल्लीत तिला पाठीमागं याच नावानं ओळखत. ते तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नात सिनेमा शिकायच्या वर्गाला जात होती. पहिलाच धडा असा, की दोन माणसं बोलताना दाखवायची, पण एकत्र बसवायची नाहीत. एकेकाला वेगळं बसवायचं. एकानं एका बाजूला बघायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला. मग तुकडे जोडले, की बघणाऱ्याला वाटतं, दोघं समोरासमोर बसलेत. फौजदारीण म्हणाली, ही तर धडधडीत फसवणूक झाली. नात म्हणाली, हो, तीच शिकवतात तिथं.

या घराला असा धडा सोयीचाच होता. थोरला मुलगा, नातीचा बाप, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि दुकानामागच्या खोल्यांत बायकोमुलीसह राहायचा. आई वर राहायची. मधल्या जिन्यानं फक्त नात चढउतार करी. धाकटा गेला तेव्हा ती रांगत होती. महिनोन्महिने अंथरुणाला खिळून तो गेला. रडून रडून घर अर्धं झालं, पण थोरल्याच्या डोळ्यातून टिपूस नाही. आठवडा उलटायच्या आत तो दुकान उघडून चाकाच्या तारा कसत बसला. तेव्हा फौजदारीण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, माझा एक मुलगा मेला आणि दुसरा दगड निघाला. थोरल्यानं मान वर केली नाही. नंतर तो वर आला नाही, आणि हिनं बोलावलं नाही. हिला वाटे, येईल आपणहून. त्यालाही काय वाटत असेल, ते त्याचं त्याला माहीत.

आता त्यानं दुकान विकलं होतं. उद्या सकाळी बिऱ्हाड घेऊन तो दुसऱ्या शहरी जाणार होता, तो कायमचाच. जाण्याआधी ही दोघं एकदा बोलावीत म्हणून नातीनं आधी विनवण्या केल्या, मग रुसून पाहिलं, आणि शेवटी हा धडा आणला. फौजदारीण काय ते ओळखून होती. तुझ्या मार्कांपुरती बसते, तिनं बजावलं, बाकी काही मनात आणू नकोस.

वाक्यंही नातीचीच. आजीनं विचारायचं, बसतोस का जरा? बाबांनी म्हणायचं, निघायचंय मला. फौजदारणीनं आधी ते वाक्य दारावर आलेल्या विक्रेत्याला विचारावं तसं विचारलं. नात पुन्हा पुन्हा म्हणायला लावत राहिली. एका खेपेला आवाज मध्येच बसला. नात म्हणाली, हाच घेऊ.

थोरला वर येणार म्हटल्यावर ती शेजारणीकडे जाऊन बसली. शेजारीण सुनेच्या कागाळ्या सांगत होती, हिचे कान भिंतीपलीकडे. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग नातीचाच आवाज, पुन्हा पुन्हा: बाबा, पट्टीकडे बघा.

दुपारी नातीनं तुकडे जोडून लॅपटॉप जेवायच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर फौजदारीण म्हणाली, "बसतोस का जरा?" मग थोरला दिसला. गॅलरीतून तिला रोज त्याचं टक्कल तेवढं दिसे. तोंड इतक्या जवळून तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. गालाची हाडं वर आली होती. हनुवटी थेट बापाची झाली होती.

"निघायचंय मला," तो म्हणाला.

नातीनं कपाळाला हात लावला. वाट लागली, म्हणाली. नजरच जुळत नाही. दोघं बोलताहेत असं कुठं वाटतंय, शेजारी शेजारी उभं राहून बसची वाट बघताहेत असं वाटतंय. बाबांची पट्टी तिनं दुसऱ्या बाजूला, दाराकडे लावली होती. सांगून सांगून तोंड दुखलं, तरी ते भिंतीकडेच बघत राहिले. तिकडं बघण्यासारखं काय आहे, नुसती कोरी भिंत. सर हे हातातसुद्धा धरणार नाहीत, आणि उद्या बाबा निघाल्यावर पुन्हा घेणार कसं?

"परत लाव," फौजदारीण म्हणाली.

नातीनं परत लावलं. थोरल्याचा डोळा आत्ताही कोरडाच होता. पण तो भिंतीवर नव्हता. भिंतीच्या अलीकडे, खाली, गुडघ्याइतक्या उंचीवर टेकला होता आणि तिथून हलत नव्हता. वाक्य संपलं तरी हलला नाही. मग तिनं स्वतःचा तुकडा लावायला सांगितला. नातीच्या मते आजीनं तरी शहाण्यासारखं पट्टीकडे पाहिलं होतं. पट्टी कुठं होती, हे फौजदारणीला आठवतसुद्धा नव्हतं. तीही तिथंच बघत होती. तितकंच खाली.

ती टेबलाला धरून उठली. लॅपटॉप चालू होता, तो चालूच ठेवून पायात चपला सरकवल्या आणि जिन्याकडे निघाली. खाली कोणीतरी पेटारे ओढत होतं.

"खाली चाललीस?" नात खुर्चीतून अर्धी उठली. "आणि ही चूक? हिचं काय करू मी?"

फौजदारीण कठडा धरून थांबली. मागं वळली नाही.

"चूक नाही गं ती. त्या भिंतीशी तुझ्या काकाची खाट होती."