खाडीच्या मुखाचं पाणी

होड्या निघण्याआधी हर्षलाने खाडीच्या मुखावरून आणलेलं पाणी यंत्रात ओतलं. पाण्यात कोणत्या माशांचा डीएनए उतरलाय ते यंत्र सांगे आणि त्यावरून जाळी कुठे टाकायची ते बंदरावर ठरे. बांगडा, बोंबील, थोडी सुरमई. मग शेवटची ओळ उमटली: माणूस. तपासनीसाचा पिता.

तिच्या हाताचा अंश चुकून मिसळला तर वगळता यावा म्हणून तिच्या डीएनएची नोंद यंत्रात होती. पण तिचे वडील आठ वर्षांपूर्वी वादळात बुडाले होते, आणि समुद्रात असा अंश दोन दिवसांत विरून जातो.

तिने पुन्हा पाणी आणून तपासलं. तीच ओळ.

ती धावत घरी गेली. आई अंगणात कोळंबीचे सोडे वाळत घालत होती.

"आई, बाबा जिवंत आहेत! परवापर्यंत या खाडीत होते."

आईचा हात थांबला नाही. "पलीकडच्या बंदरावर असतो तो. दुसरं घर मांडलंय. वादळानंतर चार महिन्यांनी कळलं मला."

"आणि दर वर्षी मला त्यांच्या नावाने समुद्रात फुलं सोडायला लावलीस?"

"बुडालेल्या बापासाठी तू रडलीस, बाय, आणि सावरलीस. टाकून गेलेल्यासाठी काय केलं असतंस?"

हर्षला बंदरावर परतली. फळ्यावर तिने फक्त माशांची नावं लिहिली.

पुढे महिनाभर ती ओळ रोज येत राहिली. तो रोज खाडीच्या मुखापर्यंत येत होता आणि तिथूनच परत फिरत होता.