सगुणेचं ताट

“ही सगुणा मूर्ख आहे,” दवाखान्याच्या पलंगावर पडल्या पडल्या ह्यांनी कादंबरी मिटली. “नवरा कधीचा बेपत्ता, आणि ही रोज त्याचं ताट वाढून बसते!”

“मूर्ख कशी? तुम्हाला बायका कळतच नाहीत,” मी म्हटलं.

आमचं हे नेहमीचंच. पुस्तक एक, वाचणारे दोघं, आणि पानापानावर भांडण. त्यात मला आधी शेवट वाचायची खोड. वाचला की तो पोटात राहत नाही. चहा गाळता गाळता खुनी कोण ते सांगून टाकते, आणि हे दिवसभर फुगून बसतात.

तेवढ्यात ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“तो परत येतो का गं?” हळूच विचारलं. “सांगून टाक. आज नाही रागावणार.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांनी शेवट विचारला होता, आणि नेमका तो मला माहीत नव्हता.

“खरंच नाही वाचला हो. या वेळी शेवटचं पान उघडायचा धीरच झाला नाही.”

स्ट्रेचर दारापाशी पोचलं तेव्हा हे मान वळवून म्हणाले, “मी येईपर्यंत एक ओळसुद्धा पुढे वाचायची नाही. आणि तुझ्या त्या सगुणेला म्हणावं, ताट वाढून ठेव.”