माशाचा पुढचा मुक्काम

विज्ञानात हेव्यादाव्याला जागा नसते. म्हणूनच मत्स्य संशोधन कार्यालयाच्या प्रमुखांनी आपला हेवा कपाटात ठेवला होता. त्यांच्या हाताखालच्या बाईंनी लिहिलेला अहवाल तिथे कुलपात, न वाचता पडून होता.

अगदीच न वाचता म्हणणं अन्यायाचं होईल. आभाराचं पान त्यांनी चारदा वाचलं होतं. पहिलं नाव कार्यालयाच्या नावाड्याचं होतं. प्रमुखांचं दुसरं.

प्रश्न एका परक्या माशाचा होता. तो ज्या तलावात शिरेल तिथल्या मूळच्या माशांचा दोन वर्षांत फडशा पाडायचा. पुढे तो कुठे पोचणार, याचं भाकीत दोघांनीही केलं होतं. प्रमुखांच्या गणितात पाण्याच्या वेगापासून तळाच्या चिखलापर्यंत चौदा घटक होते आणि त्यानुसार मासा प्रवाहाबरोबर खाली जायला हवा होता. मासा डोंगरापलीकडच्या तलावात सापडला. मग आणखी चार ठिकाणी. पाचही नावं, त्याच क्रमाने, बाईंच्या यादीत होती.

आज वरून पत्र आलं होतं. यापुढे बाईंचंच गणित वापरावं, प्रमुखांनी तशी शिफारस सही करून पाठवावी. त्यात भर म्हणून सकाळी बायकोने वर्तमानपत्रातला फोटो दाखवून विचारलं होतं, "तुमच्याच ऑफिसातली ना ही? किती हुशार दिसते!"

प्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. नावाडी तलाव-तपासणीच्या दौऱ्याच्या कागदावर सही घ्यायला आधीच येऊन उभा होता.

"अठरा वर्षं मी या गणितात डोकं घालून बसलोय," प्रमुख म्हणाले. "तुम्हाला येऊन दोन वर्षं नाही झाली. मासा तुम्हाला विचारून निघतो की काय?"

"नाही, सर."

"घटक किती धरलेत?"

"एक."

"एक! माझ्या चौदातला कुठला?"

"चौदातला नाही. परिशिष्टात दिलाय, सर."

"परिशिष्ट सवडीने बघेन. तोंडाने सांगा."

बाईंनी नावाड्याकडे पाहिलं.

"सांगून टाका, बाई," नावाडी म्हणाला. "किती दिवस झाकून ठेवणार?"

"आपली होडी, सर."

"होडी?"

"तपासणी झाली की तिच्या तळाशी थोडं पाणी उरतं. त्यात माशाची पिल्लं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. होडी न वाळवता दुसऱ्या तलावात घातली, की तीही उतरतात."

"मी म्हणालो होतो, साहेब," नावाडी म्हणाला, "दोन दिवस उन्हात पालथी घालू. तर तुम्ही म्हणालात, मामा, ऊन कसलं बघताय, दौरा बघा."

"म्हणजे तुम्ही माशाचा अभ्यास केलाच नाहीत!" प्रमुखांचा आवाज चढला. "माझ्या दौऱ्यांचा केलात!"

"हो, सर. वर्षाचा कार्यक्रम आधीच लागतो ना फलकावर."

लाज वाटायची ही वेळ होती आणि प्रमुखांना ती वाटलीही असावी. पण पाचच्या पाच बरोबर, ही गोष्ट त्यांना त्याहून जास्त खुपत होती.

"पुढचं नाव कुठलं तुमच्या यादीत?"

"शहराला पाणी देणारा मोठा तलाव. येत्या मंगळवारी."

"इतकी खात्री?"

"अजून तरी चुकलेलं नाही, सर."

हे मात्र जिव्हारी लागलं. प्रमुखांनी नावाड्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि मंगळवारावर लाल पेनने इतक्या जोराने काट मारली की खालचा बुधवारही गेला.

"दौरा रद्द! आता बघतोच मासा कसा जातो तिथे. चुकलं की नाही तुमचं भाकीत?"

"चुकलं, सर."

"असं नाही. लेखी द्या. वर कळवायचंय मला."

बाईंनी तिथेच बसून तीन ओळींत लेखी दिलं. प्रमुखांनी ते दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि चहा मागवला, तिघांसाठी.

मोठ्या तलावात तो मासा आजतागायत नाही.