रेघांची गोगलगाय

तिने तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेच्या बशीत तीच अठरा पिल्लं होती, तिळाएवढी. अकरांच्या शंखावर रेघा, सातांचे शंख गुळगुळीत. आणि सगळी एकाच जोडीची. आई-बाप दोघंही रेघांचे, तिने स्वतः याच बशीत वाढवलेले. शंकेला जागाच नव्हती. रेघांची आणि गुळगुळीत या समुद्री गोगलगायींच्या दोन प्रजाती नव्हत्याच. एकच होती.

एकोणीस वर्षांचं मुसळ केरात गेलं. हजारो शंख तिने डोळ्यांत तेल घालून निवडले होते. रेघांचे डाव्या कपाटात, गुळगुळीत उजव्या. चष्म्याचा नंबर चारदा वाढला. आई म्हणायची, "तुला स्थळ दाखवलं तर आधी त्याच्या पाठीवरच्या रेघा मोजशील." ती हसून सोडून द्यायची. आपलं काम खरं आहे, एवढ्यावर तिचं भागत होतं.

आता तिला रडू फुटलं. स्वतःसाठी कमी, सरांसाठी जास्त. कॉलेजात तिला शिकवलं सरांनी, संस्थेत आणलं सरांनी, आणि या दोन प्रजाती ठरवल्याही त्यांनीच. त्यांचं सगळं नाव त्या शोधावर उभं होतं. आज ते अंथरुणाला खिळलेले. सांगावं तर ते खचणार. न सांगावं तर उद्या छपाईला जाणाऱ्या ग्रंथात त्यांच्या नावावर धडधडीत चूक जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. बशी तशीच ठेवून ती भर दुपारी त्यांच्या घरी गेली.

सर उशीला टेकून बसले होते. तिने मनाचा हिय्या केला.

"सर, दोन नाहीत. एकच आहे."

सरांनी मान खिडकीकडे वळवली. आपण या माणसाला जिवंतपणी मारलं, असं तिला वाटलं.

"पिल्लं वाढवलीस वाटतं," ते म्हणाले. "मीही वाढवली होती. तुला कामावर घेतलं, त्या वर्षी."

"मग सर, दोन का लिहिल्यात?"

"तुझे वडील नुकतेच गेले होते. पाठची तीन भावंडं शिकत होती. एका प्रजातीसाठी संस्था नवीन माणूस घेणार नव्हती. म्हणून मी दोन केल्या."