सहा नंबरचं गाणं

निकाल आला तेव्हा पुष्पलता मोखाड्याच्या आश्रमशाळेत वह्या तपासत होती. पर्समध्ये ठेवलेला बाबांचा फोन वाजला. ग्रुपवर जयश्रीबाईंनी लिहिलं होतं, सहा नंबर पहिला, तीस मतं. दोन नंबर दुसरा, अकरा.

तिने ते दोनदा वाचलं. मग उरलेल्या वह्या तपासल्या.

ग्रुपचं नाव ‘दहावी ८७, जव्हार’. सभासद एक्केचाळीस. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी बाबांच्या वर्गातली ही मंडळी जव्हारला एका हॉलमध्ये जमत. त्याआधी मतदान व्हायचं. ऐंशीच्या दशकातली दहा पॉप गाणी ठरलेली होती. प्रत्येकाने आवडीचा नंबर ग्रुपवर टाकायचा. जिंकलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर लागायचं आणि ज्याने ते यादीत घातलं त्याने आधी नाचायचं. तो आला नाही तर त्याच्या घरच्या कुणीतरी यायचं. कुणीच आलं नाही तर गाणं रद्द.

सहा नंबर बाबांचं होतं. आठ वर्षं त्याला एकच मत पडत आलं होतं, बाबांचं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मंगळू, म्हणजे बाबा, उधारीचा गॉगल लावून त्यावर नाचला होता. अर्ध्यात कॅसेट अडकली. तो थांबला नाही. उरलेलं गाणं स्पीकर मुका असताना नाचून पूर्ण केलं. ते गाणं पुढे कसं जातं हे वर्गाने कधी ऐकलंच नव्हतं.

बाबा चार जुलैला गेले. शाळेतून आले, पाणी मागितलं आणि खुर्चीतच गेले. संध्याकाळी गावी, जामसरला, सगळं उरकलं. भातलावणीचे दिवस होते, माणसं थोडी होती. बाबांचे वर्गमित्र बरेचसे ठाण्याकडे, उरलेले आपापल्या शेतात. कुणाला कळवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दाभोशाचे वाळूकाका जीप चालवायचे. रोज पहिली फेरी भरेपर्यंत ते ग्रुपवर एकच प्रश्न टाकत.

“मंगळ्या, हायेस का रे?”

बाबांचं उत्तर ठरलेलं असे. “हाय. तुला पोचवल्याशिवाय जात नाय.”

बाबा गेले, असं लिहायला पुष्पलताने फोन उचलला. “आहे.” एवढंच लिहून पाठवलं.

त्यानंतर रोज सकाळी वाळूकाका विचारत आणि ती लिही, “आहे.” पूर्णविरामासकट. त्यापुढे तिला काही लिहिता येत नसे. वाळूकाका कुणाच्या टकलावरून बोलत, कुणाच्या जावयावरून. या कोरड्या उत्तराची त्यांनी कधी खोड काढली नाही.

आई दोनदा म्हणाली, तो फोन बंद कर. पुष्पलताने रिचार्ज केला. बाबांचे शर्ट वाटून झाले होते. रेशन कार्डावरचं नाव कमी झालं होतं. त्यांच्या शाळेत खुर्चीवर दुसरे गुरुजी बसत होते. या चाळीस जणांत मात्र ते अजून होते.

मतदानाच्या दिवशी तिने सवयीने सहा लिहिलं. खाली वाळूकाकांनी सहा लिहिलं. बोट घसरलं असेल, असं तिला वाटलं. मग जयश्रीबाईंनी सहा लिहिलं. मग ठाण्याहून रोहिदास, मग बुध्या. आनंद व्हायला हवा होता. तिला एवढंच दिसलं की आता कुणालातरी जव्हारला जावं लागणार.

गेली नाही तर गाणं लागणार नव्हतं. गेली तर बाबा इथूनही जाणार होते.

रविवारी तिने जव्हारची एसटी धरली. वाटेत दोन वाक्यं तयार केली. बाबांना बरं नाही, हे एक. बाबा गेले, हे दुसरं. डेपोत उतरेपर्यंत तिने पहिलं टाकून दिलं होतं.

हॉलच्या दारात जयश्रीबाई होत्या. त्यांनी हातात चहा दिला आणि घाटात बस लागली का म्हणून विचारलं. बुध्याकाकांनी खुर्ची सरकवली. रोहिदासकाका म्हणाले, यंदा भात बरं आहे. प्रत्येक जण काहीतरी विचारत होता. तिच्या दुसऱ्या वाक्याला जागा मिळेल असं कुणी काही विचारलं नाही.

वाळूकाका स्पीकरपाशी वायर घेऊन बसले होते. तिने फोटोवरून ओळखलं.

“काका, मला एक सांगायचंय.”

“सांग ना. आधी हे लाव.” त्यांनी स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. “चष्मा जीपमध्ये राहिला. अख्खं गाणं शोधलंय बघ, पुढच्या अर्ध्यासकट. ग्रुपवर असंल.”

तिने ग्रुप उघडला. गाणं होतं. त्याच्यावर जयश्रीबाईंचा ऑक्टोबरमधला निरोप होता. “अकरा जणांनी दोनला टाका. सगळीच सहाला गेली तर पोरीला कळेल.”

तिने वर नाव पाहिलं. ‘दहावी ८७’ एवढंच. सभासद चाळीस.

कुणीतरी हॉलचे पंखे बंद केले. सगळे तिच्याकडे पाहत उभे होते. तिचा अंगठा वर सरकत राहिला, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, अगदी पहिल्या निरोपापर्यंत. तो वाळूकाकांचा होता. पाच जुलै, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

“मंगळू काल गेला, जामसरच्या जीपवाल्यानं आत्ता सांगितलं. त्याच्या फोनवरून ‘आहे’ आलंय, ती त्याची पोर. मी रोज विचारीन. ती ‘आहे’ म्हणते तोवर मंगळू आहे.”